एका पाहुण्याची जागा

चाफले सरांचा डावा हात गोरा होता आणि उजवा काळा. मनगटापासून खाली, रेघ मारल्यासारखा फरक. मी कॉलेजात लॅब असिस्टंट म्हणून लागलो तेव्हा मला वाटलं, कधीतरी भाजलं-बिजलं असेल, विचारू नये. नंतर कळलं, स्कूटरवाले घालतात तसल्या हातमोज्यांच्या जोडीतला डावा ते रोज सकाळी दोन तास घालतात आणि उजवा घरी कोराच पडून आहे. गोल्फ खेळताना हातमोजा एकाच हातात घालतात. हे ठाऊक असलेला माणूस त्या काळी वर्ध्यात बहुधा तेवढा एकच होता.

दिगंबर चाफले, फिजिक्सचे लेक्चरर. कोणी 'प्रोफेसर' म्हटलं की ते थांबून दुरुस्ती करत, "प्रोफेसर नाई, लेक्चरर." समोरचा घाईत असला तरी करत. लग्नपत्रिकेवर कोणी 'प्रा.' लिहिलं, तर लग्नाला जात, आहेर देत आणि निघताना वरपित्याला बाजूला घेऊन सांगत. लोक हसायचे. त्यांना त्याचं काही वाटत नसे.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी त्यांनी मला काचेच्या मोठ्या भांड्यात मिठाचं पाणी करायला सांगितलं. अंडं तरंगेल इतकं खारट. मला वाटलं मुलांसाठी घनतेचा प्रयोग असेल. वर्ग रिकामा झाल्यावर त्यांनी खिशातून एक पांढरा, ठिकठिकाणी साल निघालेला चेंडू काढला आणि पाण्यात सोडला. चेंडू डुचमळला, वळला आणि थांबला. सरांनी तो बोटाने फिरवला. तो पुन्हा तसाच वळून त्याच अंगावर आला.

"पाहा ढगे," ते म्हणाले, "याचं एक अंग जड आहे. जड अंग खाली जाते. याले तुम्ही कितीही सरळ मारा, हा वाकडाच जाईन."

वर राहिलेल्या अंगावर त्यांनी लाल शाईचा ठिपका दिला, चेंडू पुसला आणि दुसरा काढला. असे एकोणीस चेंडू होते, सगळे जुने. जड अंगाच्या चेंडूचं आता काय करायचं, असं मी विचारलं. फेकायचा थोडीच, म्हणाले. ठिपका वर ठेवून मारायचा, म्हणजे त्याला स्वतःच्या खोडीचा त्रास होत नाही. ते चेंडूंबद्दल असंच बोलत. आजारी नातेवाइकांबद्दल बोलावं तसं.

त्यांच्याजवळ पाच क्लब, म्हणजे गोल्फच्या काठ्या, होत्या, पुलगावच्या एका भंगारवाल्याकडून आणलेल्या. छावणीतल्या कुठल्या तरी साहेबाने टाकून दिलेला माल. एकाच्या मुठीचं कातडं गेलं होतं, तिथे सरांनी सायकलची ट्यूब कापून गुंडाळली होती. कॅनव्हासच्या बुटांना मोच्याकडून खालून खिळे मारून घेतले होते, त्यामुळे ते बूट घालून घराच्या फरशीवर यायला वहिनींची मनाई होती. वहिनींनी उरलेल्या तपकिरी लोकरीच्या टोप्या विणून त्या पाचही क्लबांना घातल्या होत्या. मी एकदा त्या टोप्यांचं कौतुक केलं तर म्हणाल्या, "काय करता भाऊजी, घरात पोरगी एकच, आन् टोप्या घालाले डोकी पाच."

खेळ ते पुस्तकातून शिकले होते. पुस्तकही भंगारातलंच, त्याची शेवटची पानं गायब. त्यामुळे सरांना मारायचं कसं ते सगळं येत होतं, पण वाळूच्या खड्ड्यात चेंडू गेला तर काय करायचं हे त्यांना स्वतःच शोधून काढावं लागलं. ते त्यांनी पुढे धाम नदीच्या काठावर, वाळूत उभं राहून, एका अख्ख्या उन्हाळ्यात शोधून काढलं.

खरं मैदान त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

पिपरी मेघेच्या पलीकडे झाड्यांची मोठी पडीत जमीन होती. मुरमाड, मधून एक नाला, चारदोन बाभळी. झाडे हे आडनाव, जुन्या मालगुजारांचं घर. मालगुजारी कायद्याने गेली तरी लोक त्यांना मालगुजारच म्हणत. सरांचे वडील गिरडकडच्या खेड्यात याच झाड्यांच्या शेतावर सालदार होते. वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. त्या गड्याचा मुलगा शिकून फिजिक्सचा लेक्चरर झाला आणि म्हाताऱ्या मालगुजारांकडे जाऊन त्याने विचारलं की पडीत जागेवर सकाळी खेळलो तर चालेल का. म्हाताऱ्याला काय खेळणार ते समजलं नाही, पण त्याने हो म्हटलं.

सरांनी तिथे नऊ होल केले. दूध पावडरचे रिकामे डबे जमिनीत पुरून खड्डे केले. भोवती नदीची वाळू टाकली, तिच्यात गॅरेजमधलं जळकं तेल मिसळलं, म्हणजे वाळू उडत नाही आणि चेंडू नीट घरंगळतो. बाकी जागेतले दगड त्यांनी आणि मी रविवारी वेचले. मी खेळत नसे. मला ते कधी जमलं नाही. पण त्यांच्याबरोबर असणं मला आवडायचं. गुरं चरायला यायची, ती आली की सर थांबत. गाय होलवर बसली तर ती उठेपर्यंत उभे राहत. हाकलत नसत. तिचीच जागा आहे, म्हणत.

म्हाताऱ्या मालगुजारांचा मुलगा नाना एक दिवस जीप घेऊन हे पाहायला आला. उंचापुरा, मोकळ्या गळ्याने हसणारा, कुठेही गेला की तिथला यजमान तोच वाटावा असा. त्याने क्लब हातात घेतला, तीनदा हवेत फिरवला, चौथ्यांदा चेंडू लागला आणि नाल्यापार गेला. त्या दिवसापासून नाना यायला लागला. सरांनी त्याला उभं राहण्यापासून शिकवलं. चेंडूवर ते बारीक खळगे कशासाठी असतात, गुळगुळीत चेंडू त्याच्या निम्माही का जात नाही, हे फळ्यावर शिकवावं तसं मातीत काडीने आकृती काढून सांगितलं. नानाने वर्षभरात कलकत्त्याहून क्लबांचा नवा कोरा संच मागवला.

नाना सरांना 'सर' म्हणायचा, 'अहो' म्हणायचा. ही साधी गोष्ट नव्हती. त्याच्या घरात सालदाराच्या मुलाला कोणी अहो म्हटल्याचं ऐकिवात नव्हतं. सर कधी बोलून दाखवत नसत, पण नानाची जीप नाल्याच्या वळणावर दिसली की त्यांचा चेहरा उजळायचा, हे मी कितीदा पाहिलं आहे. एकदा नाना म्हणाला होता, "हे मैदान तुमचंच समजा सर. मी हाव तोवर इथं नांगर नाई लागणार."  पुढचा सगळा आठवडा सर वर्गात मुलांवर रागावले नाहीत.

खऱ्या मैदानांवर जाऊन खेळायचं, ही कल्पना कोणाची ते मला नेमकं आठवत नाही. बोलता बोलता दोघांची झाली असावी. पत्रं मात्र सरांनी लिहिली. चार ठिकाणच्या सेक्रेटरींना, कॉलेजच्या टाइपरायटरवर, रजिस्ट्रारची परवानगी घेऊन. आपण हौशी खेळाडू आहोत, आपल्या गावी मैदान नाही, एक मित्र बरोबर असेल, एक फेरी खेळू द्यावी. एका ठिकाणाहून चार महिने उत्तर नव्हतं, तिथे त्यांनी तीनदा लिहिलं. ते मैदान सगळ्यांत मोठं होतं, अठरा होलचं, आणि तिथे होलभोवती वाळू नव्हती, गवत होतं. बारीक कापलेलं, सतरंजीसारखं. सरांनी त्याचं एक कृष्णधवल चित्र कुठल्या तरी मासिकात पाहिलं होतं. शेवटी तिथलंही उत्तर आलं. त्यात 'प्रोफेसर चाफले आणि मित्र' असं लिहिलं होतं. सरांनी लगेच दुसरं पत्र टाकून कळवलं की प्रोफेसर नव्हे, लेक्चरर.

आणीबाणी उठल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात आम्ही निघालो. नानाची जीप, नाना स्वतः चालवणार. दोघांत खेळ व्हायचा तर स्कोअर लिहायला तिसरा, तटस्थ माणूस हवा, म्हणून सरांनी मला घेतलं. मला दोन पेन्सिली आणि एक वही दिली. वहिनींनी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि भरलेल्या मिरच्या बांधून दिल्या. दारात उभ्या राहून त्या नानाला म्हणाल्या, "यायले वेळेवर जेवाले घालजो बाप्पा. खेळात राह्यले का यायले भूक कळत नाई." नाना म्हणाला, "वहिनी, माझ्या जीवात जीव आहे तोवर सरांचे हाल नाई होनार."

पहिलं मैदान नागपूरजवळच, छावणीतलं. तिथे आम्ही बुजल्यासारखे खेळलो. म्हणजे ते दोघे खेळले. तिथेही वाळूच होती, तेल घातलेली. सरांनी वाकून ती हातात घेतली, वास घेतला आणि मला म्हणाले, "आपलं तेल बरोबर होतं ढगे. प्रमाणही जवळजवळ हेच." इतकी वर्षं एकट्याने, फाटक्या पुस्तकावरून केलेली गोष्ट बरोबर निघाली होती. दिवसभर त्यांच्या चालण्यात काहीतरी वेगळं होतं.

दुसरं छिंदवाड्याच्या बाजूला, कोळशाच्या खाणीवरचं. नऊच होल, सगळ्यावर काळी धूळ, चेंडू दोन फटक्यांत काळा. तिथले मॅनेजर गप्पिष्ट होते, त्यांनी चहा दिला, आमच्याबरोबर चालत राहिले. सर जिंकले. नानाने त्यांना खांद्यावर उचलल्यासारखं केलं आणि मॅनेजरांना सांगितलं, "हे माझे गुरू." हेही खरं आहे आणि मला ते विसरता येत नाही. नाना मनात काही ठेवून निघाला होता असं मला अजूनही वाटत नाही.

तिसरं पचमढीला. सकाळी इतकी थंडी की गवतावर पांढरं पडलेलं. शेवटच्या होलपर्यंत दोघे बरोबरीत होते. सरांचा चेंडू उंच गवतात गेला. नाना लांब, मी नानाजवळ. सर गवतात एकटेच कमरेइतके दिसत होते. त्यांनी चेंडू बाहेर काढला, सुरेख काढला, आणि चालत येऊन मला म्हणाले, एक फटका जास्त लिहा. क्लब टेकवताना चेंडू हलला. मी मारला नाही, पण हलला.

त्या एका फटक्याने ते हरले. नानाला हसू आवरेना. "सर, तिथं कोन पाहून राह्यलं होतं?"

"मी होतो ना तिथं," सर म्हणाले.

नाना हसायचा थांबला. दुपारी जेवताना तो जरा गप्प होता. मला तेव्हा वाटलं, त्याला लाज वाटली असेल. कारण नाना गवतात चेंडू पायाने सरकवतो हे मीही दोनदा पाहिलं होतं आणि सरांनीही पाहिलं असणार. आता वाटतं, ती लाज नसावी. कधीच न चुकणाऱ्या माणसाबरोबर आठ दिवस एका जीपमध्ये राहणं सोपं नसतं.

चौथ्या गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण चूक त्या लोकांची नव्हती. आम्ही सकाळी नऊला पोचलो. लांबलचक व्हरांडा, पांढरे खांब आणि समोर ते गवत. मासिकातल्या चित्रात ते करड्या रंगाचं होतं. प्रत्यक्षात इतकं हिरवं होतं की मी, ज्याला त्या खेळाचं काही नव्हतं, तोही पाहत राहिलो. सर जीपच्या मागच्या बाजूला फळीवर पाय ठेवून खिळ्यांच्या बुटांचे बंद बांधत होते. नाना पुढे उभा. ब्लेझर, काळा चष्मा, नवी कातडी बॅग शेजारी.

सेक्रेटरी म्हणजे लष्करातून निवृत्त झालेले एक वयस्क गृहस्थ. हातात सरांचं पत्र घेऊन ते पायऱ्या उतरले, नानासमोर हात पुढे केला आणि इंग्रजीत विचारलं, प्रोफेसर चाफले?

नाना म्हणाला, "येस."

मी दोन पावलांवर होतो. सर वाकलेलेच होते, पण त्यांची बोटं बंदावर थांबली.

सेक्रेटरी पुढे सांगत होते की वाईट वाटतं, पण आज सभासदांच्या स्पर्धेचा दिवस आहे. दोघांना नाही, पण एका पाहुण्याची जागा करता येईल, दोन सभासदांबरोबर. त्यांनी आमच्याकडे पाहिलं. सरांच्या अंगावर धुळीचा बुशशर्ट, माझ्या हातात पाण्याचा कॅन. तुमची माणसं बॅग घेऊन येऊ शकतात, ते म्हणाले.

सर सरळ उभे राहिले. त्यांनी नानाकडे पाहिलं. नाना गवताकडे पाहत होता. त्या वेळी तीन माणसांपैकी कोणीही एक वाक्य बोललं असतं तर झालं असतं. माझं इंग्रजी कच्चं होतं, हे मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगत आलो. पण 'हे चाफले' एवढं म्हणायला इंग्रजी लागत नाही. नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं.

सरांनी स्वतःचे पाच क्लब जीपमध्ये परत ठेवले. नानाची कातडी बॅग खांद्याला लावली आणि मला म्हणाले, "चला."

अठरा होल ते नानाच्या मागे चालले. प्रत्येक ठिकाणी नाना हात मागे करायचा आणि सर त्यात योग्य तो क्लब द्यायचे. बोलायचे फक्त क्लबचा आकडा. सात. पाच. नऊ. नाना त्या दिवशी फार सुंदर खेळला, आयुष्यात खेळला नव्हता तसा, कारण कुठे काय मारायचं हे सरांना त्या जमिनीकडे नुसतं पाहून कळत होतं. होलपाशी पोचलं की सर बॅग खाली ठेवत आणि गवताच्या कडेला थांबत. बॅग उचलणाऱ्यांनी आत जायचं नाही असा नियम नव्हता. इतर माणसं जात होती. सर गेले नाहीत. एकदाच, कोणाचं लक्ष नसताना, त्यांनी खाली बसून त्या गवतावर डावा तळहात ठेवला. हातमोजा तेव्हा हातात नव्हता.

अकराव्या होलवर नानाचा चेंडू झाडीत गेला. तो आत गेला, काही वेळाने बाहेर आला, होल पूर्ण केला. बरोबरच्या सभासदाने किती फटके, असं विचारलं. नाना म्हणाला, फोर.

"फाइव्ह, सर," चाफले सर म्हणाले.

इतक्या वेळात त्यांनी काढलेला तो पहिला मोठा आवाज. सभासदांनी वळून पाहिलं. मग एक जण मनापासून हसला आणि नानाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, प्रोफेसर, माणूस चांगला मिळाला आहे तुम्हाला, याला सोडू नका. नानाने पाच सांगितले. त्याचा कान लाल झाला होता.

खेळ झाल्यावर नाना व्हरांड्यात बसला. आम्हाला मागच्या छपरात चहा मिळाला, तिथल्या बॅगवाल्यांबरोबर. तिथून व्हरांड्यातलं बोलणं ऐकू येत होतं. कोणीतरी विचारलं, प्रोफेसर, तुम्ही फिजिक्सचे, मग सांगा, या चेंडूवर खळगे कशाला? आणि नानाने सांगितलं. हवेचा थर, मागची पोकळी, गुळगुळीत चेंडू निम्माही का जात नाही, सगळं. लोक वाहवा म्हणाले.

सरांनी बशीतला चहा संपवला. "बरोबर सांगितलं त्यानं," ते मला म्हणाले.

निघताना नानाने माझ्या हातात कॅमेरा दिला. त्याला व्हरांड्यासमोर फोटो हवा होता. मी काढला.

 परतीच्या रस्त्यावर नाना, समोर पाहतच, म्हणाला की सर, तो माणूस एकदम समोर आला, मी घाबरलो, "नाई म्हनाले तोंडच नाई उघडलं माझं."

"तोंड उघडलं होतं नाना," सर म्हणाले. "तुम्ही येस म्हणाले."

 ढाब्यावर जेवताना सरांनी नेहमीप्रमाणे आपल्या ताटातली मिरची नानाच्या ताटात ठेवली, कारण नानाला मिरची आवडायची. नानाने ती खाल्ली नाही.

नंतर कधीतरी लॅबमध्ये मी सरांना विचारलं की तुम्ही का नाही बोललात. त्यांनी हातातलं तराजूचं वजन पुसून खोक्यात ठेवलं. मग म्हणाले, "मी बोललो असतो तं दोघंही बाहेर निघालो असतो. आन् मले ते गवत पाह्यचं होतं ढगे."

घरी पोचलो त्या संध्याकाळी वहिनी दारातच होत्या. बोरगाव मेघेत दोन खोल्यांत राहत ते. झाला का खेळ, मोठ्या मैदानावर खेळले का, त्यांनी विचारलं. सरांनी बूट काढले, बाहेर ठेवले. "खेळलो," ते म्हणाले. "गवत लय चांगलं होतं." लग्नपत्रिकेतला 'प्रा.' ज्यांना सहन होत नसे, कोणी पाहत नसताना हललेला चेंडू जे मोजत, त्यांना मी खोटं बोलताना ऐकलं ते त्या एका वेळी. मी त्यांची पिशवी धरून मागे उभा होतो. मी मान हलवली.

महिन्याभराने गावातल्या एका साप्ताहिकात नानाचा फोटो आला. मालगुजारांच्या चिरंजीवांनी परप्रांतात गोल्फ गाजवला, असं काहीतरी. वहिनींनी तो अंक कुठून तरी मिळवला. मी काही कामाने गेलो तर सर घरी नव्हते. वहिनींनी फोटो माझ्यासमोर धरला. नानाच्या मागे, अर्धा कापलेला, चाफले सरांचा खांदा होता आणि त्यावर बॅग.

"हे काऊन मागं उभे आहेत?"

मी म्हणालो, फोटो काढताना नानांनी जरा धरायला दिली होती बॅग.

"यांच्या काठ्यायले मी विणलेल्या टोप्या आहेत," वहिनी म्हणाल्या. "ह्या बॅगीत एकही नाई. यांची बॅग कुठं आहे मंग?"

जीपमध्ये असेल, मी म्हणालो. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, बरं म्हणाल्या, अंकाची घडी घातली आणि चहा टाकायला आत गेल्या. सरांना त्यांनी कधी विचारलं नाही, एवढं मला माहीत आहे.

नाना मैदानावर यायचा बंद झाला. रागाने नव्हे, नुसताच येईना. बाजारात दिसला की लांबूनच जोरात नमस्कार करायचा. सर पूर्वीसारखे एकटे खेळत राहिले. अशी सहा-सात वर्षं गेली. म्हातारे मालगुजार वारले, आणि त्या पावसाळ्यानंतर एका सकाळी सर गेले तर पडीत जागेवर चुन्याच्या रेघा आणि सिमेंटच्या खुंट्या होत्या. लेआउट पडला होता, घरांचे प्लॉट आखले होते. गाव तिकडे वाढत होतं, सगळ्यांच्याच जमिनींचं तसं होत होतं. नांगर लागणार नाही असं नाना म्हणाला होता, आणि तो लागला नाही, हे खरं.

नाना त्याच आठवड्यात कॉलेजात आला. लॅबमध्ये, माझ्यासमोर, उभ्याउभ्याच बोलला. सरांसाठी कोपऱ्यावरचा प्लॉट वेगळा ठेवला आहे, सर म्हणतील त्या भावाने, त्यांनी फक्त हो म्हणावं. तो बोलत होता तेव्हा त्याचे डोळे खरंच भरले होते. सर म्हणाले, "जमीन तुमची आहे नाना. मले काय विचारता?" आणि तासाला निघून गेले. डस्टर न्यायचं विसरले, म्हणून मी मागे धावलो.

आता माझं सांगतो. मी भाड्याच्या एका खोलीत होतो, दोन मुली मोठ्या होत होत्या. कॉलेजातल्या नऊ-दहा जणांनी त्या लेआउटमध्ये प्लॉट घेतले, तसा मीही घेतला. त्यात गैर काही नव्हतं. पण सरांना मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. स्टाफरूममध्ये विटा-सिमेंटच्या गोष्टी निघाल्या आणि सर आत आले की मी विषय बदलायचो. दोन वर्षं रोज त्यांच्याबरोबर काम केलं आणि दोन वर्षं हे केलं. पाया खणताना दूध पावडरचा एक गंजका डबा निघाला. गवंड्याने तो फेकला. मी उचलला नाही.

वास्तुशांतीची पत्रिका मी सर वर्गात असताना त्यांच्या टेबलावर ठेवली. वर 'श्री.' लिहिलं होतं.

ते आले. वहिनींना सायकलच्या मागे बसवून आले. सगळं घर पाहिलं, खिडक्या पूर्वेला ठेवल्या ते बरं केलं म्हणाले, मुलींना पुस्तकं दिली, पंगतीत बसून पोटभर जेवले. वडाभात दोनदा मागून घेतला. इतर लोक बोलत होते, हसत होते. नानाही येऊन गेला होता, पण सकाळीच.

मी त्यांना पोचवायला फाटकापर्यंत गेलो. वहिनी बायकांचा निरोप घेत मागे राहिल्या होत्या. मी म्हणालो, "सर, मी तुमाले आधी सांगाले पाह्यजे होतं."

ते सायकलचं कुलूप काढत होते. "सांगितलं असतं तं मी काय, नाई म्हटलं असतं?"

"नाई, पण..."

"नानाचं मी समजू शकतो," ते म्हणाले. आवाज नेहमीचाच होता, वर्गात आकृती समजावून सांगताना असायचा तो. "तो अनोळखी माणसापुढं घाबरला. तुम्ही काऊन घाबरले ढगे? मी तं ओळखीचा होतो."

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. वहिनी आल्या, म्हणाल्या घर छान झालं भाऊजी, आणि मागे बसल्या.

पुढच्याच वर्षी ते निवृत्त झाले आणि मुलीकडे भिलाईला गेले. निरोपसमारंभाला मी रजेवर होतो; ती रजा मी मुद्दाम घेतली होती. तिकडेच ते वारले, असं नंतर कोणाकडून तरी कळलं. मधल्या वर्षभरात लॅबमध्ये ते रोज दिसत, तरी माझ्यासाठी त्यांचं शेवटचं दिसणं ते फाटकापासचंच. नवीन लेआउट, खडी टाकलेला कच्चा रस्ता, दोन्ही बाजूंना अर्ध्या भिंती. सायकल खडीवर हेलकावत चालली होती, वहिनींनी एका हाताने पदर आणि दुसऱ्याने सीट धरली होती. कोपऱ्याशी ते पोचले. दुपारची वेळ, रस्त्यावर मागे-पुढे चिटपाखरू नव्हतं. तरी वळण्याआधी सरांनी उजवा हात लांब केला, नीट, पूर्ण, खांद्याच्या रेषेत, आणि मगच सायकल वळवली.